तयार आपत्कालीन संच : खटाव तालुक्यातल्या घरात दीड वर्ष वापरल्यानंतर

गेल्या वर्षी मार्च महिन्यात मी ऑनलाइन एक आपत्कालीन संच मागवला. त्याची किंमत २,८९९ रुपये होती आणि केशरी पाठपिशवीवर ‘चार माणसांसाठी ७२ तास’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. या दीड वर्षात दोन वळीव हंगाम गेले, एक सर्पदंश झाला आणि वीज जाण्याच्या कितीतरी रात्री आल्या. त्यामुळे हा संच आमच्यासारख्या घराच्या किती उपयोगाचा आहे, हे आता अनुभवाने सांगता येईल असे वाटते.

आमचे घर वडूजपासून थोडे आत, नदीपासून दूर, माळावर आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या आमच्या माणदेशी पट्ट्याला त्याचा दहावा भाग मिळाला तरी वर्ष चांगले गेले असे म्हणतात. पुराचे पाणी आमच्या उंबऱ्याला कधी लागले नाही आणि दरड कोसळावी असा डोंगरही जवळ नाही. साहजिकच संच घरी आला तेव्हा सासूबाईंनी विचारले, “अगं, आपल्याकडं काय होतंय?” प्रश्न रास्त होता, पण माझे उत्तर ऑगस्ट २०१९ मध्येच तयार झाले होते. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोकापातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेली. गावभागात राहणारी माझी थोरली बहीण चार माणसे आणि दोन पिशव्या घेऊन आमच्याकडे आली आणि बारा दिवस राहिली. पूर सांगलीत होता, पण तांदूळ आमचा संपला, टाकी आमची रिकामी झाली आणि मेहुण्यांच्या इन्सुलिनसाठी धावपळ आम्ही केली. पुढे जुलै २०२१ मध्ये आमच्याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळल्या, तेव्हा जिल्ह्याची यंत्रणा पश्चिमेकडे वळली होती आणि तेच योग्यही होते. अशा वेळी पूर्वेकडच्या एखाद्या वस्तीवर झाड पडले किंवा तारा तुटल्या, तर तिथल्या माणसांनी मदतीची वाट पाहणे ओघाने आलेच. धोका कमी असलेल्या गावाला म्हणूनच दोन गोष्टींची तयारी लागते, एक रात्रभर आपल्या बळावर निभावण्याची आणि दुसरी अचानक आलेल्या माणसांना सांभाळण्याची. मी हा संच या दोन कसोट्यांवर पारखला.

संचातली सर्वांत चांगली वस्तू म्हणजे हाताने फिरवायच्या दांड्याची विजेरी आणि तिलाच जोडलेला रेडिओ. गेल्या मे महिन्यात वळिवाने आमच्या फाट्यावरचे दोन खांब आडवे केले आणि सुमारे तीस तास वीज नव्हती. पहिल्या रात्रीच मोबाइलच्या बॅटऱ्या संपल्या. दांडा एक मिनिट फिरवला की साधारण दहा मिनिटे मंद पण पुरेसा उजेड मिळत होता. गोठ्यात पाणी पाहायला, सासऱ्यांची गोळी शोधायला आणि अंगणात तुटलेली तार पडली आहे का हे दुरून न्याहाळायला तेवढा उजेड पुरला. आकाशवाणी सातारा केंद्र गच्चीवर स्वच्छ लागले, घरात मात्र खरखरत होते. त्याच विजेरीला मोबाइल जोडून चार्ज करता येतो असे पाकिटावर लिहिले आहे, पण अर्धा तास दांडा फिरवूनही जेमतेम एक फोन करण्याइतकी बॅटरी चढली. संचातली पॉवर बँक चांगली आहे, मात्र ती महिन्यातून एकदा चार्ज करण्याची सवय लावून घ्यावी लागते.

कागदपत्रांसाठीचे जलरोधक पाकीटही मला आवडले. सातबारा, रेशनकार्ड, आधार, विम्याचे कागद आणि दवाखान्याची फाइल त्यात व्यवस्थित मावते. बहिणीच्या घरी पाणी ओसरल्यावर कागदांचा जो लगदा हाती आला होता, तो मी पाहिला आहे. त्यामुळे या साध्या पाकिटाचे मोल मला अधिक वाटते.

क्लोरीनच्या गोळ्या आमच्या भागासाठी अगदी योग्य आहेत, कारण एप्रिल-मेमध्ये टँकरचे पाणी येते तेव्हा तशीही शुद्धीकरणाची गरज असते. वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणात गोळी टाकून, पाणी ढवळून अर्धा तास झाकून ठेवले की झाले. तक्रार एवढीच की संच हाती आला तेव्हा त्या गोळ्यांची मुदत संपायला चारच महिने उरले होते आणि बिस्किटांची तर तीनच. ७२ तासांचा भरवसा देणाऱ्याने निदान वर्षभराची मुदत असलेला माल भरायला हवा होता. चकचकीत पन्नीची पांघरुणे आम्ही उघडलीसुद्धा नाहीत, घरात धनगरी घोंगडी असताना त्यांची गरजच पडली नाही. शिट्टी, दोर आणि रेनकोट ठीक आहेत.

आता ज्या वस्तूमुळे मी हे लिहायला बसले, तिच्याबद्दल सांगते. प्रथमोपचाराच्या डबीत ‘सर्पदंश साहित्य’ म्हणून एक लाल रबरी पट्टा, एक छोटे पाते, विष ओढून काढण्याचा रबरी पंप आणि घडीपत्रक होते. जखमेच्या वर पट्टा घट्ट आवळा, पात्याने छेद द्या आणि पंपाने विष काढा, असे त्या पत्रकात चित्रांसह लिहिले होते. गेल्या वर्षी जूनमध्ये धाकटे दीर संध्याकाळी कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढत असताना त्यांच्या उजव्या हाताला दंश झाला. साप दिसला नाही. घाबरलेल्या अवस्थेत मी डबी उघडली आणि पत्रक वाचून मनगटाच्या वर तो पट्टा आवळला. पाते हातात घेण्याचे धैर्य मात्र झाले नाही, आणि ते झाले नाही याबद्दल मी आजही परमेश्वराचे आभार मानते. १०८ वर फोन केला तेव्हा पलीकडून आधी विचारले, “ताई, कापलं नाही ना? हात अजिबात हलवू देऊ नका.” मग अंगठी काढायला सांगितली. रुग्णालयात डॉक्टरांनी सलाइन लावून, प्रतिविषाची तयारी जवळ ठेवूनच तो पट्टा हळूहळू सोडला, कारण एकदम सोडल्यास साचलेले विष झटकन शरीरात पसरू शकते. नंतर त्यांनी काचेच्या कोरड्या नळीत थोडे रक्त घेतले आणि वीस मिनिटे न हलवता ठेवून नळी आडवी केली. रक्त गोठले नव्हते, तसेच वाहून आले. रक्त न गोठणे ही विष भिनल्याची खूण, म्हणून ते पाहिल्यावर प्रतिविष सुरू झाले. दीर तीन दिवसांनी घरी आले. पट्ट्याचा निळसर वळ त्यांच्या हातावर पुढे कितीतरी दिवस होता.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांच्या दंशावर उतारा एकच आहे, तो म्हणजे रुग्णालयात मिळणारे प्रतिविष. घरात करायचे ते इतकेच की माणसाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव फळी किंवा पट्टी लावून स्थिर ठेवावा, अंगठी-बांगड्या काढाव्यात, वेळ लक्षात ठेवावी आणि तातडीने रुग्णालय गाठावे. आवळणे, कापणे, चोखणे यांतले काहीही करू नये. जो संच ग्रामीण भागात विकला जातो, त्यात नेमक्या याच गोष्टींच्या उलट सूचना असाव्यात, हे अक्षम्य आहे.

विजेसाठी, म्हणजे आकाशातल्या विजेसाठी, संचात एक ओळही नाही, आणि आमच्या उघड्या माळरानावर एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा परतीच्या पावसात तोच खरा धोका असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोफत ॲप यासाठी मी फोनमध्ये घेतले असून शेतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते टाकून दिले आहे. रेंज नसेल तेव्हा जुना हिशोब उपयोगी पडतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून पक्क्या घरात यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली थांबणे हे त्या वेळी सर्वांत वाईट. वायरमनला बोलावून घराच्या अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून नव्याने करून घेतला आणि गोठ्याचे पत्रे वर दगड ठेवण्याऐवजी हुकांनी आवळून घेतले. या दोन कामांना मिळून संचापेक्षा थोडा अधिक खर्च आला, पण पुढच्या वादळात पत्रा हलला नाही.

भूकंपाचा विचारही संच बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा धक्का सासऱ्यांना अजून आठवतो. भांड्यांची उतरंड कोसळल्याचा आवाज ते आजही जसाच्या तसा सांगतात. आम्ही पलंगाच्या उशाकडचे लोखंडी कपाट हलवले आणि दुसरे कपाट भिंतीला पट्टीने जखडले. गॅसच्या गळतीसाठी १९०६, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि सर्व प्रकारच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक स्वयंपाकघराच्या दाराआड मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहेत. संचातल्या माहितीपत्रकावर यांपैकी एकही क्रमांक नाही, केवळ कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक आहे.

माझे मत विचाराल तर हा संच जसाच्या तसा घेऊ नये. दांड्याची विजेरी आणि जलरोधक पाकीट सुटे मिळते. क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस, पट्ट्या आणि जंतुनाशक औषधांच्या दुकानातून ताज्या मुदतीचे घेता येते. पिशवी घरातली कोणतीही चालते. मी साताऱ्याच्या बाजारात अशी दुसरी पिशवी बहिणीसाठी भरली. तिला सुमारे सतराशे रुपये लागले आणि उरलेल्या पैशांत घरच्या औषधांचा आठवड्याचा जादा साठा व वीस लिटरचे दोन झाकणबंद कॅन आले. गुढीपाडवा आणि दसरा या दोन दिवशी मुदती तपासून माल बदलायचा, असे आम्ही ठरवले आहे.

सर्पदंशाच्या पत्रकाबद्दल मी कंपनीला दोनदा लेखी कळवले. पहिल्या पत्राला ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ असे उत्तर आले, दुसऱ्याला आलेच नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरच्या एका कुटुंबाने हाच संच मागवला. मी त्यांची डबी उघडून पाहिली. तोच लाल पट्टा, तेच पाते आणि तेच पत्रक होते. तिन्ही वस्तू त्यांच्यादेखत बाजूला काढल्या आणि त्या जागी एक रुंद पट्टी व १०८ लिहिलेला कागद ठेवून आले.