डी७२०० वरून झेड५: बॉडी बदलली, पण खरा हिशेब लेन्सचा

निकॉन डी७२०० (लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा) सोडून झेड५ वर (मोठ्या, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरचा) आल्याला वर्ष होत आलंय. बॉडीबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं, म्हणून इथे फक्त लेन्सबद्दल लिहितो. जास्तीचे पैसे तिकडेच जातात.

घेण्याआधी एक काम केलं आणि ते फार उपयोगी पडलं. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये जुने फोटो फोकल लेंग्थप्रमाणे (लेन्सवरचे मिलिमीटर: आकडा लहान तर दृश्य रुंद, मोठा तर लांबचं जवळ) चाळले. १८-१४० माझी रोजची लेन्स होती. त्यातले मला आवडणारे फोटो एक तर १८ वर काढलेले (किल्ले, कासचं पठार), नाहीतर ५० ते ८० मध्ये (घरचे कार्यक्रम, माणसं). निकॉनच्या क्रॉप सेन्सरवरचं दृश्य फुल फ्रेमवर मिळवायला आकड्याला दीडने गुणायचं, म्हणजे फुल फ्रेमवर मला २७ आणि ७५ ते १२० हवं होतं. जो तो २४-७० घे म्हणत होता. पण फुल फ्रेमचं ७० म्हणजे क्रॉपवरचं जेमतेम ४७. माझी माणसं तिथे सुरूसुद्धा होत नव्हती. म्हणून २४-१२० एफ/४ घेतली (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे अॅपर्चर, मोठं आणि पार्श्वभूमी धूसर) आणि आजही बहुतेक वेळ तीच लावलेली असते.

‘एफ/४ काय घेतोस, २.८ घे’ हेही खूप ऐकलं. अहो, फ्रेममध्ये तेवढंच दृश्य ठेवलं तर फुल फ्रेमवरचा एफ/४ मागची पार्श्वभूमी क्रॉपवरच्या एफ/२.७ इतकी धूसर करतो. क्रॉपवर ज्याला २.८ चा झूम परवडला नव्हता, त्याला तो इथे एफ/४ मध्ये मिळाला असं समजा. पण हाच हिशेब उलटाही लागतो. झेड५ सोबत किटमध्ये मिळणारी २४-५० ही ५० ला एफ/६.३ होते, म्हणजे क्रॉपच्या भाषेत ३३ ला एफ/४.२. साधी १८-१४० तिथे साधारण एवढंच देते. हलकी आहे, जेमतेम १९५ ग्रॅम, खिशात मावते. पण नुसत्या तिच्यावर फुल फ्रेमला आलात तर धूसर पार्श्वभूमीत फारसा फरक दिसणार नाही. लग्नात ग्रुप फोटो काढतानाही हे जाणवतं. मागची रांग शार्प यायला क्रॉपवर एफ/४ पुरायचं, तिथे आता ५.६ च्या पुढे जावं लागतं, आयएसओ तेवढा चढतो (म्हणजे फोटोत दाणे वाढतात) आणि मोठ्या सेन्सरचा फायदा जवळपास तिथेच खर्ची पडतो.

वजनाची भीती मात्र निघाली वाया. २४-१२० ही ६३० ग्रॅमची, जुनी १८-१४० होती ४९०. पण बॅटरीसकट झेड५ ६७५ ग्रॅम आणि डी७२०० ७६५. एकूण फरक ५० ग्रॅमचा, राजगडाच्या पाली दरवाज्याच्या पायऱ्या चढताना तो कळतसुद्धा नाही. कासला आणखी एक गोष्ट आवडली: ही लेन्स पूर्ण झूममध्ये ३५ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते, त्यामुळे छोट्या फुलांसाठी वेगळ्या मॅक्रोची मला तरी आठवण झाली नाही.

प्राइमसाठी (झूम नसलेली लेन्स) ५० एफ/१.८ एस भाड्याने आणून वापरली. काचेला तोड नाही, कोपरेसुद्धा उघड्या अॅपर्चरला स्वच्छ. पण ४१५ ग्रॅम आणि चांगली लांबलचक. घरात आणि बाजारात ती बाहेर काढली की लोक सावध होतात. शेवटी ४० एफ/२ घेतली. माउंट प्लॅस्टिकचं, कडा उघड्या अॅपर्चरला मऊ, पण १७० ग्रॅम. शिवाय तिला ५२ मिलिमीटरचा फिल्टर लागतो, म्हणजे जुन्या ३५ एफ/१.८ डीएक्सचे (निकॉनच्या भाषेत डीएक्स म्हणजे क्रॉप) फिल्टर फुकट कामी आले. २४-१२० ला ७७ चे लागतात. नवीन घेणार असाल तर सगळ्यात मोठ्या मापाचा एकच चांगला फिल्टर घ्या आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावा.

जुन्या लेन्सपैकी ७०-३०० व्हीआर मूळची फुल फ्रेमचीच, एफटीझेड अडॅप्टरवर (जुन्या लेन्स झेड बॉडीला जोडणारा) फोकस आणि व्हीआर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) दोन्ही चालतात. ५० एफ/१.८डी वर मात्र ऑटोफोकस नाही. तिची मोटर बॉडीत असायची आणि ती ना अडॅप्टरमध्ये आहे, ना झेड५ मध्ये. हाताने फोकस करायची तयारी असेल तर ठेवा.

टेलीचं (लांबचं टिपणाऱ्या लेन्सचं) दुखणं खरं. भिगवणला पक्षी टिपताना ७०-३०० क्रॉपवर ४५० सारखी पोचायची, फुल फ्रेमवर ३०० म्हणजे ३००. झेड५ ला डीएक्स मोडवर टाकलं तर पोच परत येते, पण २४ मेगापिक्सेलचे राहतात १० च्या आसपास. त्यात सेकंदाला साडेचार फ्रेम, आणि डोळा ओळखणारा फोकस माणूस, कुत्रा, मांजर यांच्यापुरता. पक्षी त्याच्या यादीत नाहीत. त्यामुळे १८-१४० विकली, पण डी७२०० नाही. पक्ष्यांना निघालो की ती आणि ७०-३००, एवढंच घेतो. सेकंडहँडला तिचे जे पैसे सांगत होते त्यात नुसती दुसरी टेलीसुद्धा आली नसती.

राहिली वाइड. १४-३० एफ/४ दोन-तीनदा कार्टमध्ये टाकून काढली. २४ वर गडाची तटबंदी बऱ्यापैकी बसते, आणि १४-३० ला पुन्हा ८२ चे फिल्टर लागतात.