केरळच्या शांत किनाऱ्याचं बुकिंग : नाशिकमधून पैसे नेमके कुठे जातात

दिवाळीच्या सुट्टीत केरळला निघालेलं इंदिरानगरचं एक कुटुंब. सहा माणसं, त्यात दोघं सत्तरीचे. मुन्नारची गर्दी नको होती. दोन रात्री मरारीच्या किनाऱ्यावर, एक रात्र हाउसबोटीवर आणि एक वेंबनाड तलावाच्या काठी, एवढाच बेत. नाशिकरोडहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस थेट एर्नाकुलमला जाते, तिची तिकिटं हातात होती. राहण्याचे पैसेही भरून झाले होते. मरारीच्या रिसॉर्टमध्ये व्हाउचर दाखवल्यावर उलगडा झाला. रिसॉर्ट खरं, नाव बरोबर, पण बुकिंग नाही. व्हाउचरवरचा फोन नंबर त्या रिसॉर्टचा कधीच नव्हता.

पैसे कसे गेले ते क्रमाने बघायला हवं, कारण हा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. आधी सर्चमध्ये सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीतला नंबर लावला गेला. पलीकडचा माणूस स्वच्छ मराठीत बोलला, ‘काका, मी पण सिन्नरचाच, तुम्ही काळजी करू नका.’ एकूण रक्कम ६८,००० सांगितली. २० टक्के ॲडव्हान्स म्हणून १३,६०० यूपीआयने घेतले. दोन दिवसांनी, ‘सीझन आहे, संध्याकाळी सहापर्यंतच रूम होल्ड होईल,’ असं सांगून निम्मी रक्कम, म्हणजे ३४,००० बँक खात्यात मागितली. मग परत मिळणारं डिपॉझिट म्हणून १०,०००. इथे घरातल्या सुनेला शंका आली आणि तिने सगळं रद्द करायला सांगितलं, तर ‘रिफंडसाठी’ एक क्यूआर कोड आला. तो स्कॅन करून पिन टाकला आणि आणखी ९,९९९ गेले. नंतर त्याच माणसाने माफी मागितली, ‘सिस्टीमची गडबड झाली, सगळी रक्कम बुकिंगमध्ये धरतो,’ म्हणाला आणि व्हाउचर पाठवलं. व्हाउचर हातात पडल्यावर सगळे शांत झाले. एकूण ६७,५९९ रुपये.

पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच, पलीकडच्याने त्याला रिफंड म्हणो, नाहीतर व्हेरिफिकेशन. ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आज संध्याकाळीच समजावून सांगा.

शांत किनाऱ्यांच्या बाबतीत हे इतकं सहज जमतं, याला कारण आहे. महाबळेश्वरला खोटं हॉटेल विकणं कठीण, कारण नाशिकमधल्या दहा घरांपैकी आठ घरांना तिथली गल्ली माहीत असते. मरारीकुळम (म्हणजेच मरारी), कप्पिल, मन्रो तुरुत्तू किंवा उत्तरेकडचं वलियपरंब आपल्याकडे कुणी पाहिलेलं नसतं. ओळखीचा कुणी जाऊन आलेला नसतो, छोट्या होमस्टेचे रिव्ह्यू मोजके असतात, आणि तिथे फोन लावला तर भाषेची अडचण. ज्या शांततेसाठी आपण जातो, तिच्यामुळेच माहितीही विरळ असते. भामटा तिथेच शिरतो. म्हणून तिथला भूगोल थोडा तरी माहीत असणं हाच खरा बचाव आहे.

आता ते व्हाउचर जवळून बघू. एका पानाची पीडीएफ. वर रिसॉर्टचा लोगो, वेबसाइटवरून उचललेला, कडा थोड्या फाटलेल्या. पत्ता होता ‘मरारी बीच, कोचीन’ आणि पिनकोड ६८२ने सुरू होणारा. मरारीकुळम कोचीत नाही, आलप्पुळा जिल्ह्यात आहे, आणि त्या भागाचे पिन ६८८ने सुरू होतात. ६८२ एर्नाकुलमचा, कुमरकमकडचे ६८६ने, कोल्लमचे ६९१ने. खाली जीएसटी नंबर होता, सुरुवात ०७. जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक राज्याचे असतात : केरळ ३२, महाराष्ट्र २७, आणि ०७ म्हणजे दिल्ली. त्यापुढची दहा अक्षरं पॅनची, आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं की धारक व्यक्ती (पी), कंपनी (सी) की भागीदारी फर्म (एफ). हा नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये टाकला की नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे मिनिटभरात दिसतं. लॉगिन लागत नाही. लहान होमस्टेकडे जीएसटी नंबर नसू शकतो, तो गुन्हा नव्हे. पण दिलेला नंबर दुसऱ्याचाच निघाला, तर तिथेच थांबायचं.

ज्या खात्यात ३४,००० गेले त्याचा आयएफएससीही बोलका होता. त्याची पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवा शून्य, शेवटचे सहा शाखेचे. शाखा निघाली उत्तरेकडच्या एका राज्यातल्या लहान गावाची. मरारीच्या रिसॉर्टचं खातं तिथे कशाला असेल? यूपीआयवरही पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं. तिथे रिसॉर्टच्या जागी एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं, तर ‘आमचे मॅनेजर आहेत’ हे उत्तर मान्य करू नका.

सगळ्यात मोठी चूक मात्र खोलीच्या नावातच होती : ‘सी फेसिंग बॅकवॉटर कॉटेज’. सोबतच्या फोटोत खिडकीसमोर वाळू आणि बाजूला हाउसबोट. मरारीला हे शक्य नाही. मरारीचा किनारा अरबी समुद्राचा आणि वेंबनाड तलाव तिथून पूर्वेला आठ-दहा किलोमीटरवर. एका खिडकीतून दोन्ही दिसणार नाहीत. समुद्र आणि कायल (तिथलं बॅकवॉटर) अगदी शेजारी असलेल्या जागा केरळात आहेत, पण त्या वेगळ्या : वर्कलाच्या उत्तरेला कप्पिल, तिरुवनंतपुरमच्या दक्षिणेला पूवार, कासरगोडचं वलियपरंब.

‘बॅकवॉटर’ या शब्दाने नाशिककर हमखास चकतो. आपल्याकडे बॅकवॉटर म्हणजे गंगापूर धरणाचा फुगवटा : गोडं पाणी, मोकळा काठ, गाडी लावून बसता येईल अशी जागा. केरळात कायल म्हणजे समुद्रालगतचं खाऱ्या-गोड्या पाण्याचं सरोवर आणि त्याला जोडलेले कालवे. काठ बहुतेक बांधलेला, घरांनी भरलेला. त्यामुळे ‘लेकसाइड’ म्हणून विकलेली खोली पुष्कळदा दहा-बारा फुटी कालव्यावर निघते आणि तलाव अर्धा किलोमीटर लांब असतो. लेक फेसिंग, लेक व्ह्यू आणि लेकसाइड यात फरक आहे. लेखी विचारायचं : ‘खोलीच्या दारापासून मुख्य तलावाच्या पाण्यापर्यंत किती पावलं?’

दिशेवरूनही खोटं पकडता येतं. केरळचा समुद्र पश्चिमेला आहे, त्यामुळे ‘बीचवरचा सूर्योदय’ असा फोटो दिसला की तो दुसरीकडचा. कुमरकम वेंबनाडच्या पूर्व काठावर, म्हणून तिथे सूर्य तलावात मावळतो. समोरचं मुहम्मा पश्चिम काठावर, तिथे सूर्य तलावावर उगवतो. मरारीची वाळू सोनेरी-तपकिरी, पाणी हिरवट-करडं. नीलमण्यासारखं निळं पाणी आणि पांढरीशुभ्र वाळू दिसली, तर तो फोटो रिव्हर्स इमेज सर्चमध्ये टाका, बहुतेक वेळा तो परदेशातल्या एखाद्या बेटाचा निघतो.

‘बीचफ्रंट’ हा शब्दही तपासायला लागतो. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांच्या, २०१९च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यासाठी भरतीरेषेपासून दाट वस्तीच्या भागात ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या भागात २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. जुनी बांधकामं असतात, पण ‘दार उघडलं की लाट’ अशी नवी कॉटेज दाखवत असतील, तर प्रश्न विचारायला जागा आहे. दुसरं म्हणजे केरळच्या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी दगडी समुद्रभिंत आहे, चेल्लानमसारख्या गावांत तर टेट्रापॉड, म्हणजे लाटा अडवणारे काँक्रीटचे चार टोकांचे ठोकळे. तिथे समुद्र खोलीसमोर असतो, पण पाय ठेवायला वाळू नसते. जाहिरातीत भिंत कधीच दिसत नाही.

यावर एकच भक्कम उपाय : दिवसाउजेडी व्हिडिओ कॉल. खोलीच्या पलंगापासून सुरुवात करून, कॅमेरा बंद न करता, पाण्यापर्यंत चालत जायला सांगायचं. खरा होमस्टेवाला हसतहसत चालतो. भामटा ‘नेटवर्क नाही, आधीच शूट केलेला व्हिडिओ पाठवतो’ म्हणतो.

फोन नंबर मोबाइलमधल्या नकाशावरचा असला तरी तो खरा धरू नका. नकाशावर कुणालाही बदल सुचवता येतो आणि लहान रिसॉर्टच्या पानावर परका नंबर बसवल्याचे प्रकार झालेले आहेत. नंबर तीन ठिकाणी जुळवायचा : रिसॉर्टची स्वतःची वेबसाइट, एखादं नावाजलेलं बुकिंग ॲप आणि जुन्या रिव्ह्यूमधले पाटीचे फोटो. होमस्टे असेल तर केरळ पर्यटन खात्याच्या यादीत बघा. तिथे होमस्टेला डायमंड, गोल्ड आणि सिल्व्हर अशी श्रेणी असते. हाउसबोटींना गोल्ड स्टार आणि सिल्व्हर स्टार असतं, पर्यावरणाचे निकष पाळणाऱ्या बोटीला ग्रीन पाम.

हाउसबोटीत फसवणूक आणि गैरसमज वेगळे ओळखायला हवेत. ‘ओव्हरनाइट क्रूझ’ म्हणजे बोट रात्रभर चालते, असं समजून बरीच मंडळी भांडतात. तसं नसतं. दुपारी बाराच्या सुमारास बसवतात, मध्ये जेवायला थांबतात, संध्याकाळी साडेपाच-सहाला बोट काठाला बांधतात, कारण त्यानंतर मच्छीमार जाळी टाकतात. सकाळी थोडी फेरी आणि नऊच्या आसपास उतरवतात. प्रत्यक्ष प्रवास चार-पाच तासांचा. डीलक्स बोटीत एसी बहुतेक रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच. ही तिथली रीत आहे, हिला फसवणूक म्हणता येणार नाही. फसवणूक म्हणजे फोटोतली बोट वेगळी आणि जेट्टीवर उभी केलेली वेगळी, किंवा फुलटाइम एसीचे पैसे घेऊन रात्रीचाच देणं. बोटीचा नोंदणी क्रमांक आधीच व्हॉट्सॲपवर मागून घ्या आणि आलप्पुळ्यातल्या पुन्नमडाच्या जेट्टीवर बॅग ठेवण्याआधी बोटीवर लिहिलेल्या क्रमांकाशी जुळवा. बोट बदलली असेल, तर उरलेले पैसे देण्याआधीच बोला. आणि ‘हाउसबोट गावातल्या अरुंद कालव्यांतून जाईल’ असं कुणी सांगितलं, तर ते खोटं. एवढी रुंद बोट तिथे वळत नाही, त्यासाठी शिकारा किंवा वल्ह्याची होडी लागते.

ज्यांना फक्त तलाव बघायचा आहे, त्यांनी केरळ जलवाहतूक विभागाच्या बोटीने आलप्पुळा ते कोट्टयम किंवा मुहम्मा ते कुमरकम जावं. तिकीट फार स्वस्तात मिळतं, ॲडव्हान्स नाही की एजंट नाही.

तलावाच्या फोटोबद्दल आणखी एक. वेंबनाडवरच्या तन्नीरमुक्कम बंधाऱ्याचे दरवाजे कुट्टनाडच्या भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून साधारण डिसेंबरअखेर-जानेवारीत बंद होतात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास उघडतात. त्या काळात दक्षिणेकडचं पाणी साचतं, आणि कुमरकम त्याच भागात आहे. जलपर्णीला खारं पाणी सोसत नाही, गोड्या साचलेल्या पाण्यात ती फोफावते. म्हणून विकणाऱ्याकडून गेल्या आठवड्यातला फोटो मागा.

‘प्रायव्हेट बीच, मुलांना एकदम सेफ’ हे वाक्य ऐकलं, तर मुळीच विश्वास ठेवू नका. शांत किनाऱ्यांवर बहुतेक जीवरक्षक नसतात. वारा नसताना, आकाश निरभ्र असताना अचानक उसळणाऱ्या लाटांना केरळचे कोळी कळ्ळक्कडल म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. दूर दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या त्या लाटा असतात आणि त्यांचा जोर एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमका आपल्या उन्हाळी सुट्टीत असतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचे इशारे देते, निघायच्या आदल्या दिवशी ते बघून घ्या. दिवाळीतही तिथे ईशान्य मोसमी पाऊस असतो, दुपारनंतर गडगडाट होतो. ‘ऑक्टोबरात पाऊस संपलेला असतो’ असं सांगणारा एजंट एकतर अनभिज्ञ आहे, नाहीतर खोटारडा.

पैसे गेले असतील तर पहिले काही तास फार मोलाचे. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यांत पोचण्याआधी गोठवण्याची शक्यता असते. हाताशी काय हवं : प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा व्यवहार क्रमांक) किंवा यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, तारीख-वेळ, समोरचं खातं किंवा यूपीआय आयडी, चॅटचे स्क्रीनशॉट. चॅट रागाने डिलीट करू नका, नंबर ब्लॉकही तक्रार नोंदल्यावरच करा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि तिची प्रत घेऊन शहरात राहत असाल तर नाशिक शहर सायबर पोलीस ठाणे, तालुक्यात असाल तर ग्रामीण पोलिसांचा सायबर विभाग. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेने २०१७मध्ये आणलेलं ‘कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी नाही’ हे संरक्षण तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना ते सहसा लागू होत नाही. म्हणून ॲडव्हान्स शक्यतो क्रेडिट कार्डने भरा, तिथे निदान चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत रक्कम परत, मागता येतो.

एजंट खरा, पत्ता असलेला, पण सेवा दिली नाही, असं असेल तर रस्ता वेगळा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दावा करता येतो. म्हणजे केरळच्या रिसॉर्टविरुद्धही नाशिकमध्येच. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून बघा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

तक्रार झाल्यानंतर काही दिवसांत इंदिरानगरच्या त्या घरी आणखी एक फोन आला. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवण्यासाठी ३,००० प्रोसेसिंग फी भरा.’ या वेळी त्यांनी फोन ठेवला आणि तो नंबर तक्रारीत जोडून दिला.