आडनावाच्या इतिहासाची फ्रेम: ३५ पाउंड आणि दीड स्टार

दुकानाचं नाव देणार नाहीये, कारण एक नाही, असली दुकानं इथे इंग्लंडमध्ये पैशाला पासरी आहेत, टुरिस्टांच्या प्रत्येक गावात एक आणि ऑनलाइन तर विचारूच नका. तुम्ही आडनाव टाइप करायचं, ते तुम्हाला एक फ्रेम पाठवतात, त्यात आडनावाचा उगम, किती दुर्मिळ आहे, कुलचिन्ह वगैरे. मी ३४.९९ पाउंड प्लस डिलिव्हरी देऊन घेतली, म्हणजे आपले चार हजाराच्या पुढे गेले, तेव्हा निदान दुसऱ्या कोणाचे तरी वाचावेत म्हणून लिहितोय.

घेतली कोणासाठी, तर आमच्या शेजारच्या आजोबांना ८० पूर्ण झाली म्हणून. आम्ही मँचेस्टरच्या वर बरी म्हणून गाव आहे तिथे राहतो (हो, गावाचं नावच बरी आहे, आणि गाव खरंच बरं आहे, हा जोक आमच्या घरी सात वर्षं चालू आहे). आजोबांचं आडनाव शफलबॉटम. पहिल्यांदा त्यांचं पार्सल चुकून आमच्याकडे आलं तेव्हा मला वाटलं लेबल छापताना कोणीतरी गंमत केलीय, पत्ते पिसतात तसं शफल, आणि पुढे बॉटम म्हणजे तर काय सांगायलाच नको. बायको म्हणाली हसू नकोस, आपल्याकडे पोटफोडे आणि डोईफोडे आहेत. मुद्दा बरोबर होता.

तर फ्रेम. आधी चांगलं सांगतो. लाकूड उत्तम आहे, काच जाड, मागे टांगायला दोन मजबूत हुक, पॅकिंगमध्ये इतका बबलरॅप की मुलगी दोन दिवस फोडत बसली होती. डिलिव्हरी वेळेत.

आता आतलं. चर्मपत्रासारखा दिसणारा कागद, कडा मुद्दाम जाळल्यासारख्या, मध्ये ढाल, ढालीवर सिंह, खाली लॅटिनमध्ये ब्रीदवाक्य. आणि मजकूर काय, तर या घराण्याचा मूळपुरुष विल्यम द काँकररबरोबर (इंग्लंड जिंकणारा राजा) १०६६ साली नॉर्मंडीहून आलेला शूर योद्धा, तो पाय घासत चालायचा म्हणून शफल, आणि बॉटमबद्दल एक अक्षर नाही! अर्ध्या आडनावावर सोयीस्कर मौन. कोपऱ्यात सोनेरी स्टिकर, 'अतिदुर्मिळ'. किती दुर्मिळ, कधीपासून, कोणी मोजलं, काही नाही, नुसता स्टिकर.

आजोबांनी चष्मा लावून शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाले, सिंह छान आहे. इंग्लिश माणूस एवढंच बोलून गप्प बसला की समजून जायचं. मग चहा झाला, दुसरी बिस्किटं झाली, आणि मग हळूच म्हणाले की आमच्यात शूर योद्धा बहुतेक कोणी नव्हता, मेंढ्या मात्र होत्या.

आणि ते खरं निघालं. आडनावात बॉटम आहे ना, त्याचा अर्थ तुमच्या-माझ्या डोक्यात येतो तो नाहीच, जुन्या इंग्लिशमधला 'बोटम' म्हणजे दरीचा तळ, डोंगरांमधली खोलगट जागा, आपण खोरं म्हणतो तसं. आमच्या इथून पुढे पेनाइन डोंगर सुरू होतात, अरुंद दऱ्या आणि खाली ओढे, त्यामुळे या भागात बॉटमांची नुसती रांग आहे, लाँगबॉटम, विंटरबॉटम, हिगिनबॉटम, साइडबॉटम. शेजारचं मोठं गावच रॅम्सबॉटम, तिथे वाफेच्या इंजिनाची जुनी रेल्वे जाते, आई-बाबा आले की त्यांना हमखास फिरवून आणतो आणि बाबा स्टेशनच्या पाटीसोबत फोटो काढून ग्रुपवर टाकतात. त्यातलं रॅम्स म्हणजे मेंढा तरी किंवा रानलसूण तरी, यावर अजून भांडणं आहेत.

शफलबॉटममधलं शफल हे शफल नाहीच मुळी. बरीच्याच परिसरात शिपरबॉटम नावाची एक जागा होती, जुन्या कागदांत तिचं नाव 'शिपवालेबोथेम'च्या आसपास जातं, त्याचे तुकडे पाडले तर मेंढी, झरा आणि खोरं. म्हणजे मेंढ्यांना पाणी पाजायच्या झऱ्याजवळची दरी. तिथला माणूस दुसरीकडे राहायला गेला की लोक त्याला त्या नावाने हाक मारणार, साधा हिशोब आहे, आपल्याकडे गावाला कर लावला की काम झालं, यांच्याकडे कर लावत नाहीत एवढाच फरक. आपल्याकडे असते तर आजोबा मेंढझरेकर झाले असते आणि कोणी हसलं नसतं. पुढे ती जागा लोकांच्या विस्मरणात गेली, 'शिपर' कोणाला कळेना, मग जीभ ओळखीच्या शब्दाकडे घसरते तशी घसरली आणि झालं शफल. शिपरबॉटम, शिपोबॉटम, शफलबोथम, शफलबॉटम, सगळी एकाच झऱ्याची पिल्लं.

आणि हो, बोथम! आपला बोथम, म्हणजे आपला नाही, आपल्याला धुतलेला, इयान बोथम. १९८० च्या फेब्रुवारीत वानखेडेवर एकाच टेस्टमध्ये ११४ रन आणि १३ विकेट, बाबा अजून सांगतात, आणि सांगताना अजून चिडतात. त्या आडनावाचं मूळही हेच, बॉटम आणि बोथम एकच शब्द, फक्त स्पेलिंग बदललं की रुबाब बदलतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं त्याला तोड नाही, ४०-४५ वर्षांचा हिशोब चुकता झाल्यासारखं.

आता तो 'अतिदुर्मिळ' स्टिकर, कारण पैसे मुळात त्याचेच घेतलेत. किती दुर्मिळ हे कळायला दोन वेळचे आकडे लागतात ना, आधी किती होते आणि आता किती. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे रिचर्ड वेबर म्हणून प्रोफेसर, त्यांनी २००९ मध्ये नेमकं हेच केलं, १८८१ ची जनगणना आणि २००८ ची आडनावं शेजारी-शेजारी ठेवली. स्मेली (ऐकायला 'वास मारणारा') ७० टक्के कमी, डाफ्ट (ऐकायला 'वेडगळ') ५१ टक्के कमी, डेथ आडनावाचे ११३३ होते ते ६०५ उरले, आणि आमचे शफलबॉटम ४० टक्के कमी. आता याच्यात गंमत अशी की या काळात ब्रिटनची लोकसंख्या साधारण दुप्पट झाली, म्हणजे आडनाव नुसतं होतं तेवढं राहिलं असतं तरी वाटा निम्मा झाला असता, इथे तर ते घटलंय, म्हणजे लाखात जेवढे शफलबॉटम तेव्हा भेटायचे त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी आता भेटतात. हे एक वाक्य फ्रेममध्ये छापलं असतं तर मी पाच स्टार दिले असते, सिंहासकट.

घटले का, तर मेले म्हणून नाही, बदलले म्हणून. शाळेत पोरं काय छळतात हे आजोबांना विचारा, १९५० च्या दशकातली टोपणनावं अजून पाठ आहेत त्यांना, त्यातलं एकही इथे लिहिण्यासारखं नाही. इथे नाव बदलायला डीड पोल म्हणून एक कागद असतो, दोन साक्षीदारांसमोर सही केली की झालं, घरबसल्या होतं, आपल्याकडच्यासारखं गॅझेटमध्ये छापून यायची वाट बघायला नको. काहींनी ते केलं, काहींनी नुसतं स्पेलिंग बोथमकडे सरकवलं. आजोबांच्या सख्ख्या चुलतभावाने लग्नात बायकोचं आडनाव घेतलं आणि वर म्हणाला की हा आमचा पुरोगामीपणा आहे. असो.

कुलचिन्हाचं तर वेगळंच. लंडनला कॉलेज ऑफ आर्म्स म्हणून संस्था आहे, १४८४ पासून, इंग्लंडमध्ये कोणाला ढाल-सिंह मिळणार ते तिथे ठरतं, आणि त्यांचा नियम एकदम स्वच्छ आहे, ढाल आडनावाला नसते, माणसाला असते, त्याच्या नावाने दिलेली, पुढे त्याच्या मुलांच्या वंशात जाणार. म्हणजे 'शफलबॉटमांची ढाल' असली काही वस्तूच अस्तित्वात नाही. तरी धंदा जोरात आहे कारण सिंह सगळ्यांना आवडतो.

सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू का, या आडनावात खरी मजेदार माणसं होऊन गेलीत आणि फ्रेमवाल्यांना पत्ता नाही. टेक्सस बिल शफलबॉटम! खरं नाव विल्यम, काउबॉयची हॅट घालून जत्रांमध्ये वाइल्ड वेस्टचा खेळ करायचा, नेमबाजी, आणि सगळं घर त्यात, पुढच्या पिढीनेसुद्धा सुरीफेक वगैरे चालू ठेवली. त्यांचे फोटो आणि कागद शेफील्ड युनिव्हर्सिटीच्या जत्रा-सर्कसच्या अर्काइव्हमध्ये जपून ठेवलेत. टेक्सस म्हणे! मला तर हा १०६६ च्या योद्ध्यापेक्षा दसपट आवडला. आजोबांना विचारलं तुमचे कोणी का, तर म्हणाले प्रत्येक शफलबॉटम तसंच सांगतो.

मग घ्यायचं काय? फुकटात होतं बरंचसं. फ्रीबीएमडी म्हणून साइट आहे, १९९८ पासून स्वयंसेवक चालवतात, इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ पासून जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली त्याच्या इंडेक्समधली पानं टाइप करून करून टाकलीत लोकांनी. दिसायला जुनाट आहे, रंगबिंग काही नाही, पण आडनाव टाकलं की तिमाही, जिल्हा, सगळं समोर, एका संध्याकाळी मी आणि आजोबा त्यांच्या आज्याच्या लग्नापर्यंत पोचलो, बायकोने दोनदा जेवायला हाक मारली तरी उठलो नाही. दोन टिप्स देतो. एक म्हणजे स्पेलिंगला चिकटून बसू नका, तेव्हाचा कारकून ऐकू आलं तसं लिहायचा, तेव्हा फोनेटिक सर्च लावा, नाहीतर अर्धी भावकी हातची जाते. दुसरं म्हणजे सप्टेंबर १९११ च्या तिमाहीपासून जन्माच्या इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनावही येतं, त्याच्या पुढचं शोधणं म्हणजे लोण्यात सुरी. १८८१ ची जनगणना फॅमिलीसर्चवर फुकट बघता येते, नुसतं अकाउंट काढावं लागतं, तिथे शफलबॉटम आणि त्याची सगळी स्पेलिंगं टाकलीत तर लँकाशायर, चेशायर, स्टॅफर्डशायर हेच तीन जिल्हे परत परत येतात, म्हणजे शेकडो वर्षांत मंडळी झऱ्यापासून फार लांब गेलीच नाहीत. मात्र १९३१ च्या जनगणनेची वाट बघू नका, इंग्लंड-वेल्सचे सगळे कागद १९४२ मध्ये आगीत गेले, आणि १९४१ ला लढाईमुळे जनगणना झालीच नाही.

उगमासाठी ऑक्सफर्डचा ब्रिटन आणि आयर्लंडच्या आडनावांचा मोठा कोश आहे, २०१६ चा, चार खंड, ४५ हजाराच्या वर आडनावं, किंमत ऐकून फ्रेम स्वस्त वाटेल, पण विकत घेतंय कोण, आमच्या लायब्ररीच्या कार्डावर ऑनलाइन उघडतो. प्रत्येक आडनावाला जुन्या नोंदी सालासकट दिलेल्या असतात, अमुक साली अमुक कागदात असं लिहिलंय, आणि १८८१ ला किती होते, २०११ च्या सुमारास किती, तेही. फ्रेमवाल्यांनी हे एकदा उघडून बघितलं असतं तरी पाय घासत चालणारा योद्धा जन्माला आला नसता.

तर हिशोब असा, लाकडाला एक स्टार, पॅकिंगला अर्धा, मजकुराला शून्य. रिफंड मागितला तर उत्तर आलं की पर्सनलाइज्ड वस्तू परत घेत नाही. आता यात पर्सनल काय होतं, मी दुसऱ्या एका मित्राचं आडनाव टाकून साइटवरचा प्रिव्ह्यू बघितला, तोच योद्धा, तोच सिंह, फक्त डावीकडे तोंड करून.

फ्रेम वाया गेली नाही म्हणा. आजोबांनी आतला कागद काढला आणि त्यात १८८१ च्या जनगणनेतल्या त्यांच्या खापरपणजोबांच्या घराचं पान प्रिंट करून लावलं, नवरा-बायको, सहा पोरं आणि एक भाडेकरू, ते आता हॉलमध्ये आहे. योद्धा खालच्या मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये सेलोटेपने चिकटवलाय, बरोबर बसल्यावर डोळ्यासमोर येईल असा, आणि खाली आजोबांनी पेनाने लिहिलंय, 'बॉटमबद्दलची माहिती इथे'.