यूएसबी टर्नटेबल आठ महिने वापरल्यावर : पुरातून वाचलेल्या रेकॉर्ड्स लॅपटॉपवर घेताना

नोव्हेंबरमध्ये ऑडिओ-टेक्निकाचा एलपी 120 एक्स यूएसबी हा टर्नटेबल, म्हणजे लॅपटॉपला जोडता येणारं रेकॉर्ड वाजवायचं मशीन, घेतला, आता जुलै चालू आहे. या आठ महिन्यांत 64 एलपी आणि 11 जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्या लॅपटॉपवर उतरवून झाल्या, जवळपास तेवढ्याच अजून बाकी आहेत. घेण्याआधी मी खूप शोधलं होतं पण जिथे बघावं तिथे खोका उघडून, वायर जोडून, दोन गाणी वाजवून लिहिलेलं, रोज वापरणाऱ्याने आणि तेही आपल्या शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्ड्ससाठी लिहिलेलं काही सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तरच लिहितोय.

रेकॉर्ड्स बाबांच्या, त्यातल्या 78 च्या आजोबांच्या. घर चिपळूणला. 22 जुलै 2021 च्या पुरात कपाटाचे खालचे दोन खण पाण्याखाली गेले आणि रेकॉर्ड्स नेमक्या तिथेच होत्या. पाणी ओसरल्यावर बघितलं तर जॅकेटांचा लगदा झालेला, बऱ्याच लेबलांवरची अक्षरं गेलेली, पण तबकड्या शाबूत. आईने एकेक हाताने धुतली आणि पडवीत भिंतीला टेकवून वाळवली. पुढे तीन-चार वर्षं त्या खोक्यांत पडून होत्या आणि दर पावसाळ्यात बुरशी थोडी थोडी वाढत होती. शेवटी ठरवलं की आता नाही तर कधीच नाही.

जोडणीचं आधी सांगतो कारण सगळे तेच विचारतात. मागून एक यूएसबी वायर लॅपटॉपला लावायची, एवढंच काम आहे. पण हे मशीन आत काय करतं ते कळलं तर पुढचा त्रास वाचतो. सुईकडून येणारा सिग्नल जेमतेम चार-पाच मिलिव्होल्टचा असतो, शिवाय एलपीवर खाच कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे स्वर मुद्दाम वाढवलेले असतात, त्याला आरआयएए म्हणतात आणि 1954 च्या सुमाराला ते प्रमाण म्हणून ठरलं. म्हणजे वाजवताना ते उलटं करून घ्यावं लागतं आणि सिग्नल मोठा करावा लागतो, ते काम फोनो प्रीअँपचं. या मशीनमध्ये तो आतच आहे. तुमच्याकडे जुना चांगला टर्नटेबल असेल तर नवीन घेऊ नका, फोनो इनपुट असलेला छोटा यूएसबी डबा मिळतो तो पुरतो, बेरिंजरचा यूएफओ 202 त्यातलाच. फक्त लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट वायर खुपसू नका, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ आवाज येतो आणि लोकांना वाटतं रेकॉर्डच खराब आहे.

विंडोजमध्ये हा टर्नटेबल मायक्रोफोन म्हणून दिसतो. माझ्या लॅपटॉपवर त्याची सेटिंग आपोआप एक चॅनेल अशी होती, मला पत्ताच नाही, पहिल्या नऊ एलपी मोनोत, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र होऊन, घेतल्या आणि सगळ्या परत कराव्या लागल्या. साउंड सेटिंगमध्ये जाऊन 2 चॅनेल, 16 बिट, 44100 करा आणि एनहान्समेंट वगैरे जे काही असेल ते बंद करा. दुसरा त्रास गुणगुण. सुई खाली ठेवली की मागे सतत घूं असा आवाज. मी पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, वायर बदलली, दोन दिवस गेले आणि शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला तर घूं एकदम गायब! तेव्हापासून लॅपटॉप पूर्ण चार्ज करायचा, चार्जर काढायचा आणि मगच रेकॉर्डिंग.

रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी हा प्रोग्राम, फुकट आहे आणि भरपूर आहे. लेव्हलचं एक सांगतो जे मला उशिरा कळलं. ख्यालाची एलपी सुरू होते शांत आलापीने आणि संपते द्रुतमध्ये, तबला चढलेला, ताना जोरात. सुरुवात ऐकून लेव्हल लावली तर शेवटी आवाज फाटणार म्हणजे फाटणारच. म्हणून मी आधी सुई लेबलाजवळच्या शेवटच्या इंचावर ठेवतो, तिथे मीटर उणे 6 डेसिबलच्या वर जात नाही ना बघतो, मग पहिल्यापासून लावतो. आणि तो शेवटचा इंच तसाही नाजूक असतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर खाच जाते, लेबलाजवळ जेमतेम 21, म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्म्याहूनही कमी जागा, आणि आपल्याकडे नेमकी द्रुतची लय तिथेच चढलेली असते! सुई झिजली की आवाज सगळ्यात आधी तिथे बिघडतो. सुईचं वजन बरोबर 2 ग्रॅम ठेवलं, छोट्या डिजिटल काट्यावर मोजून, तेव्हापासून बराच फरक पडला.

धुण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा, लेबलावर हात ठेवून. बुरशी हट्टी असेल तर एलपीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं पण 78 ला अल्कोहोल अजिबात लावू नका, त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एक एलपी म्हणजे धुणं, वाजवणं, फाइलीत गाणी वेगळी कापणं, नावं घालणं धरून दीड-दोन तास. घाई करून उपयोग नाही, 45 मिनिटांची एलपी 45 मिनिटंच वाजते. पण त्यामुळे कितीतरी वर्षांनी मी संध्याकाळी बसून माणिक वर्मा, हिराबाई बडोदेकर आख्ख्या बाजू सलग ऐकल्या, हा या मशीनचा सगळ्यात मोठा फायदा मला वाटतो.

आता मुख्य गोष्ट, आवाज साफ करण्याची. सुरुवातीला मला खरखरीचा एक कण राहिलेला चालत नव्हता. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन आहे, गोंगाटाचा नमुना दाखवायचा आणि तो सगळीकडून काढून टाकतो. मी एका गायकाच्या एलपीचे पहिले तीन सेकंद नमुना म्हणून दाखवले, खरखर गेली, आवाज काचेसारखा स्वच्छ. खूप आनंद झाला, आईला फोनवर पाठवलं. आई पंधरा वर्षं गाणं शिकलेली आहे. संध्याकाळी तिचा फोन आला,

"अरे, ते एकटेच गातायत. तंबोरा कुठे गेला?"

परत ऐकलं. तंबोरा खरंच नव्हता. त्या तीन सेकंदांत गाणं सुरू व्हायच्या आधीपासून तंबोरा वाजत होता, एकसारखा, न थांबता, आणि सॉफ्टवेअरला एकसारखा न थांबणारा आवाज म्हणजे गोंगाट. त्याने खरखरीबरोबर षड्जपंचमही उचलून नेला. मग टिकटिक काढणारं क्लिक रिमूव्हल लावलेल्या फाइली तपासल्या तर तिथे तबल्याचा 'ना' हा बोल कापसात गुंडाळल्यासारखा झालेला, कारण चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, टणक ठोका आणि ओरखड्याची टिक त्या प्रोग्रामला सारखीच दिसते. अशा 20 एलपी मी बिघडवल्या होत्या आणि मूळ फाइली जागा वाचवायला पुसून टाकल्या होत्या. त्या सगळ्या परत वाजवल्या.

तेव्हापासून मूळ फाइल जशीच्या तशी फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावणारा फाइलचा प्रकार) दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो, तिला हात लावत नाही. साफसफाई फक्त कॉपीवर, मोठी टिक असेल तिथे झूम करून तेवढ्याच जागी ऑडॅसिटीतला रिपेअर वापरायचा, तो एका वेळी 128 सॅम्पल एवढाच, म्हणजे अगदी क्षणाचा, तुकडा घेतो, वेळखाऊ आहे पण तबल्याला धक्का लागत नाही. मोनो रेकॉर्ड असेल तर दोन्ही चॅनेल मिळवून एक करा, सुईच्या वरखाली हलण्याने येणारी बरीच खरखर त्यातच मरते आणि गाण्यातलं काही जात नाही. बाकी खरखर राहू दे. दोन मिनिटांत कान तिला विसरतो, गेलेला तंबोरा मात्र कान विसरत नाही.

78 साठी हे मशीन त्या वेगावर चालतं पण सुई वेगळी लागते. एका दुकानात मला सांगितलं की आहे तीच चालेल, नका ऐकू. 78 ची खाच कितीतरी रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी घाण खरवडत फिरते आणि नुसतं फस्स ऐकू येतं. सोबत येणाऱ्या कार्ट्रिजवर (सुई जिच्यात बसते ती डबी) व्हीएमएन 95 एसपी ही 78 ची सुई ओढून बसवता येते, वजन 5 ग्रॅम ठेवायचं. एकदम माणूस समोर येऊन गायल्यासारखं वाटलं मला. फार जुन्या तबकड्या नेमक्या 78 वर कापलेल्या नसतात, तिथे बाजूचा पिचचा, म्हणजे वेग थोडा कमीजास्त करायचा, दांडा कामाला येतो.

परवा आई इथे आली होती तेव्हा एक 78 लावली. पुरात लेबल पूर्ण गेलेली, मी फाइलला '78-07 नाव माहीत नाही' असं नाव देऊन ठेवलेलं. तीनेक मिनिटांत गाणं संपलं, मी टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, उचलायला हात पुढे केला तर आई म्हणाली, "थांब, खाच अजून संपली नाही." थांबलो. खरखरीतून एक बारीक, ठसकेदार आवाज आला, "माय नेम इज गौहर जान." त्या काळातली गाजलेली गायिका. 1902 मध्ये कलकत्त्याला रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या लोकांना कोण गातंय कळावं म्हणून गाणारे शेवटी आपलं नाव सांगायचे, हे मी वाचलं होतं, पण आपल्या घरातल्या तबकडीत ते असेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. आईने परत लावायला सांगितली. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मी फाइलचं नाव बदललं.