स्वस्तातलं जीपीएस घड्याळ, आठ महिन्यांनंतर: घोडं अडलं ते चार्जिंगपाशी

आठव्या महिन्यात घड्याळ चार्ज होईना. सर्व्हिस सेंटरचं उत्तर एका ओळीचं होतं: बॅटरी गेली, नवीन घ्या. बॅटरी ठणठणीत होती. घड्याळाच्या पाठीवरच्या चार्जिंगच्या चार सोनेरी टिकल्यांपैकी एकीवर हिरवट थर चढला होता, बस्स. एवढ्यासाठी चालू वस्तू टाकून द्यायला सांगणं मला अजिबात पटत नाही.

हे होतं कशामुळे? घामात मीठ असतं. धावून आल्या आल्या घड्याळ ओलंच चार्जरला लावलं, की टिकल्यांमधल्या खारट ओलीतून करंट वाहतो. मग प्लसच्या टिकलीवरचा सोन्याचा पातळ मुलामा जातो आणि खालचा तांब्याचा धातू गंजायला लागतो. म्हणूनच थर बहुतेक एकाच टिकलीवर जास्त दिसतो.

घड्याळ चार्जरवरून काढा. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून टिकली गोल गोल घासा. काडी हिरवी-काळी होत राहील; स्वच्छ निघेपर्यंत काड्या बदला. तरीही डाग राहिला तर पेन्सिलचं खोडरबर हलक्या हाताने दोन-चारदा फिरवा. सँडपेपर किंवा ब्लेड नको, उरलासुरला मुलामाही निघून जाईल. चार्जरच्या स्प्रिंगच्या पिना मात्र बहुतेक जण विसरतात. त्या एकेक दाबून पाहा. एखादी आत रुतून बसली असेल, तर घड्याळ साफ करून काही उपयोग नाही. यापुढे रोज धावून आल्यावर घड्याळ साध्या पाण्याखाली धरायचं, पुसायचं, अर्धा तास कोरडं होऊ द्यायचं, मगच चार्जर.

पहिल्या महिन्यात जीपीएसला मी नावं ठेवली होती, ते शब्द मागे घेतो. सुरुवातीचे दोन-तीनशे मीटर नकाशावर वेडेवाकडे यायचे, पण दोष घाईचा होता. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि जागा ठरवायला किमान ४ उपग्रह लागतात. फोनशी सिंक केलं, की ही माहिती आधीच घड्याळात येते. तेव्हा आधी सिंक करा, मोकळ्या जागेत रन मोड उघडा, लॉक मिळाल्यावरही (म्हणजे घड्याळाला उपग्रह सापडल्यावरही) मिनिटभर थांबा आणि मग स्टार्ट दाबा. उंच इमारतींच्या दाटीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो. उपग्रह एल१ आणि एल५ अशा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर सिग्नल पाठवतात. तिथे फक्त एल१ पकडणारं घड्याळ चुकणारच, एल५ही पकडणारं बरं पडतं. मोकळ्या रस्त्यासाठी त्याचे जादा पैसे मोजू नका.

पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, बघायचा तो लॅपचा, म्हणजे धावण्याच्या एकेका टप्प्याचा. त्या क्षणाचा पेस सरळ रस्त्यावरही वरखाली नाचतो. शर्यतीत घड्याळ अंतर जास्त दाखवतं म्हणून तक्रार करण्यातही अर्थ नाही. प्रमाणित मार्ग सर्वात जवळच्या रेषेने मोजतात, शिवाय अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला १ मीटर जादा धरतात. आपण वळणांवर बाहेरून जातो, ते अंतर वेगळंच. किलोमीटरच्या पाटीपाशी लॅपचं बटण स्वतः दाबा.

मनगटावरची हृदयगती संथ धावण्यात ठीक. इंटरव्हलला (आलटून-पालटून जोरात आणि हळू धावताना) मात्र आकडा १७०-१८० वर जाऊन चिकटला, तर आधी पावलांचा कॅडेन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, बघा. बऱ्याचदा सेन्सर ठोके सोडून पावलंच मोजत असतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. तरी जमलं नाही तर ठोके मोजणारा छातीचा पट्टा घ्या. तो घड्याळाला जोडता येतो का, हे घड्याळ घेण्याआधीच तपासा.

आणि खरी बटणं हवीतच. घामेजल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. २० किंवा २२ मिलिमीटरचा साधा पट्टा बसतो का आणि चार्जिंग केबल सुटी मिळते का, हेही घेण्याआधी विचारा. केबल सुटी मिळत नसेल तर ते घड्याळ घेऊ नका, मग जीपीएस कितीही चांगलं असो.