हायड्रॉलिक ऑइल ४६ घ्यायचं का ६८?

प्रेस असो नाहीतर मोल्डिंग मशीन, ऑइल बदलायची वेळ आली की हा प्रश्न येतोच आणि कोणीतरी सांगतंच की जाड ऑइल टाका, पंप टिकेल. तेवढ्यावर ६८ चा बॅरल उचलू नका, आधी पंपाचं मॅन्युअल काढा आणि मशीन दोन-तीन तास लोडवर चालल्यावर टाकीतल्या ऑइलचं टेंपरेचर बघा.

४६ आणि ६८ म्हणजे ४० डिग्रीला ऑइल किती घट्ट आहे तो आकडा, सेंटीस्टोकमध्ये. बऱ्याच पिस्टन पंपांना चालताना १६ ते ३६ सेंटीस्टोकच्या मधलं ऑइल मानवतं. साधं मिनरल ऑइल ६० डिग्रीला गेलं की ४६ चं साधारण २० होतं, ६८ चं २८, म्हणजे तिथे दोन्ही चालतात. ७० ला मात्र ४६ पंधराच्या खाली येतं, पंपात आतल्या आत लीकेज वाढतं, प्रेशर धरत नाही, तिथे ६८ बरं. आता उलटं बघा, थंडीत नाशिककडे सकाळी १० डिग्री असताना ४६ असतं २६० च्या आसपास आणि ६८ पार ४४० ला, ते सक्शनमधून नीट खेचलंच जात नाही, पंप ओरडायला लागतो आणि कॅव्हिटेशनने, म्हणजे ऑइल कमी पडून झालेले बुडबुडे फुटल्याने, आतून खड्डे पडतात.

माझं स्पष्ट मत, ऑइल ५५ च्या आत राहत असेल तर ४६ च. कायम ६५-७० ला जात असेल तर आधी कूलर उघडून ट्यूबमधला क्षार साफ करा, तरीही उतरलं नाही तर ६८. मशीन उघड्यावर असेल, सकाळी गार आणि दुपारी तापलेलं, तर डब्यावर एचव्हीएलपी लिहिलेलं घ्या, त्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स (टेंपरेचर बदललं तरी घट्टपणा किती टिकतो तो आकडा) १४० च्या वर असतो, साध्याचा १०० च्या आसपास, पैसे जास्त जातात पण अशा जागी ते वसूल होतात.

झिंकवालं का झिंक-फ्री? झिंकवालं म्हणजे झीज कमी करायला झिंकचं ॲडिटिव्ह घातलेलं ऑइल, ते स्वस्त आणि वेन (पात्यांच्या) पंपाला चांगलं, पण पंपात चांदीचा मुलामा असलेले पार्ट असतील तर झिंक-फ्रीच, आणि दोन्ही एकात एक अजिबात ओतू नका, गाळ होऊन फिल्टर चोक होतात.

आणि नवीन बॅरलमधलं ऑइल पण स्वच्छ नसतं बरं का, टाकीत भरताना १० मायक्रॉनच्या फिल्टरमधूनच भरा.