टिकलीचं नाव आणि गळ्यातला बिल्ला : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

जूनमध्ये आमच्या घरी देशी कुत्री आली. वय साधारण दीड वर्ष, बदामी रंग, कपाळावर पांढरा ठिपका आणि एका कानाचं टोक कापलेलं. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना ओळखता यावं म्हणून कानाला अशी खूण करतात. त्या खुणेमुळेच मी बिल्ल्याचा इतका विचार केला. लॅब्रेडॉर एकटा फिरताना दिसला, तर लोकांना वाटतं कुणाचा तरी हरवलाय. कान कापलेली गावठी कुत्री दिसली, तर तसं कुणाच्या मनातही येत नाही. आतापर्यंत दोन नावं आणि तीन बिल्ले वापरून झाले, त्याचा हा अनुभव.

पहिलं नाव ठेवलं जाई. मुलीने सुचवलं, सगळ्यांना आवडलं. तीन आठवड्यांत घोळ लक्षात आला. घरात दिवसभर ‘जायचं का’, ‘जाऊ दे’, ‘जाईन नंतर’ चाललेलं असतं. प्रत्येक वेळी ती कान टवकारून उठायची, तिच्याशी कुणी बोलत नाही असं दिसलं की परत बसायची. हळूहळू तिने त्या आवाजाकडे लक्ष देणंच सोडलं. शिवाय रस्त्यावर वाढलेल्या कुत्रीने ‘जा’ हा शब्द कायम हाकलून लावतानाच ऐकलेला असतो. प्रेमाने बोलावताना आमच्या तोंडून तोच आवाज निघत होता, हे मला फार लागलं.

टिकली हे नाव सासूबाईंचं, कपाळावरच्या ठिपक्यावरून. ‘ट’ आणि ‘क’ दोन्ही खणखणीत, गाड्यांच्या आवाजातही पोचतात. मराठीत हाक मारताना नाव जसंच्या तसं राहत नाही, हेही बघावं लागतं. सासूबाई ‘टिकले’ म्हणतात, मुलगी ‘टिकू’, कचरा न्यायला येणाऱ्या मावशी ‘टिकुली’. सगळ्यांत सुरुवातीचा ‘टिक’ कायम आहे आणि ती त्यालाच मान वळवते. मोतीचा मोत्या होतो तेव्हाही असंच घडतं. नाव पक्कं करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला दारात उभं राहून मोठ्याने हाक मारायला लावा. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘नको’ यांच्या जवळपास जाणारं नाव नकोच.

नाव बदलायला दहा-बारा दिवस लागले. ‘टिकली’ म्हणायचं, तिने बघितलं की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. दिवसातून पंधरा-वीस वेळा. रागावताना आणि नखं कापताना हे नाव घ्यायचं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला. ‘जाई’ कोरलेल्या बिल्ल्यावरचं नाव मात्र वाया गेलं. म्हणून सांगते, नाव ठेवल्यावर महिनाभर थांबा, मगच कोरायला द्या. तोवर पट्ट्यावर पक्क्या मार्करने फोन नंबर लिहिला तरी चालतो.

पहिला बिल्ला तो ‘जाई’वालाच. मागच्या बाजूला दोन फोन नंबर होते, म्हणून नाव बदलल्यावरही तोच वापरत राहिले. ॲल्युमिनियमचा, हाडाच्या आकाराचा, लाल, ऑनलाइन २५० रुपये. दिसायला देखणा, वजनाला हलका. फरशीवर आणि पट्ट्याच्या कडीवर घासून दोन महिन्यांत रंग उडाला, आणि नंबरातला ८ कुठला, ३ कुठला, ते मलाच कळेना.

दुसरा क्यूआर कोडचा, ५०० रुपये. मोबाइल धरला की आमचा पत्ता, नंबर, लशीची माहिती, सगळं उघडतं. कल्पना चांगली. पण संध्याकाळी शेजारच्या मुलाला स्कॅन करून बघायला सांगितलं, तर अंधारात हलत्या कुत्रीच्या मानेवर कॅमेरा स्थिर ठेवणं त्याला जमेना. साध्या फोनवाल्याला तर त्याचा काहीच उपयोग नाही. त्यातच ऑगस्टच्या पावसात त्याची किल्लीच्या रिंगसारखी कडी उघडली आणि बिल्ला कुठे तरी पडला.

तिसरा तुळशीबागेत करून घेतला. भांड्यांवर नाव घालून देतात तिथे पितळेची जाड पट्टी घेऊन गेले. ताटावर ‘सप्रेम भेट’ कोरणारं तेच मशीन, तोच हात. वर ‘टिकली’, खाली दोन फोन नंबर, आकडे इंग्रजी, कारण ते सगळ्यांनाच वाचता येतात. अक्षरं खोल आहेत. पितळ काळवंडतं, पण काळेपणा अक्षरांच्या खाचेत बसला की वाचायला अधिकच सोपं जातं. महिन्यातून एकदा वरून चिंचेने घासते, खाचा तशाच सोडते. आधीचे लोंबते बिल्ले स्टीलच्या ताटलीवर वाजायचे आणि ती दचकून जेवण सोडायची. म्हणून ही पट्टी चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडून पट्ट्यावरच रिबिटने ठोकून घेतली. आता आवाज नाही, पडायची भीती नाही. एकच अडचण, आंघोळीसाठी पट्टा काढला की तिच्या अंगावर ओळखीचं काहीच उरत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जिन्यात फटाका वाजला आणि ती उघड्या दारातून सुटली. दोन तास आम्ही वेड्यासारखे फिरत होतो. मी सतत कुणाला ना कुणाला फोन करत असल्याने माझा नंबर लागतच नव्हता. दुसरा नंबर सासूबाईंचा, त्यावर फोन आला. दोन चौक पलीकडच्या इमारतीचे वॉचमन होते. म्हणाले, “कान बघून रस्त्यावरचीच वाटली होती. पण गळ्यात पितळ चमकलं, म्हणून वाकून टॉर्च मारली.” ती गाडीखाली शिरून थरथरत होती. त्यांनी पाटीवरचं नाव वाचून हाक मारली, तेव्हा ती सरपटत बाहेर आली.

बिल्ल्यावर कुत्र्याचं नाव घालू नये, चोराला सोपं जातं, असं बरेच जण सांगतात. मी घालते. घाबरलेल्या कुत्रीला अनोळखी माणसाने तिच्या नावाने बोलावणं काय असतं, ते मी त्या रात्री पाहिलं.

जानेवारीत डॉक्टरांकडून मायक्रोचिपही बसवली. तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांच्या मधोमध कातडीखाली, आत १५ आकडी क्रमांक. ती कुत्रा कुठे आहे ते दाखवत नाही आणि वाचायला खास यंत्र लागतं, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसासाठी पाटी हवीच. चिप उपयोगी पडते ती पट्टा निघाल्यावर. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचा कागद एकाच फाइलमध्ये ठेवलाय.

पाटीला सहा महिने झाले, एकही अक्षर पुसट नाही. पुढच्या आठवड्यात छातीच्या पट्ट्यासाठी तशीच दुसरी करायला टाकणार आहे. टिकलीलाही बरोबर नेईन, मोजमाप नीट होईल.